अंक दुसरा

ग्वाल्हेरची म्हटलं की लोक विचारतात, गाता का?
नाही. गणित शिकवते.
सहावी ते आठवी, सरकारी शाळा, कंपूच्या पुढे,
हिंदीतून. आपला लसावि तिथे लघुत्तम समापवर्त्य होतो,
मी पैठणकर मैडम होते,
आणि मराठी उरते ती पोळी करपल्यावर,
जिन्यात पाय घसरल्यावर,
आणि या एका कॅसेटीत.

बाबांचं अक्षर, निळी शाई:
‘सं. ना., अंक दुसरा, गणपती ८१.’
नाटकाचं नाव लिहायला पट्टीवर जागा उरली नसेल
किंवा त्यांना वाटलं असेल,
हे काय कुणी विसरणार आहे?

पहिल्या अंकाची कॅसेट मामाने नेली,
तिच्यावर स्वतःचं लग्न भरलं.
तिसरा अंक भरलाच नाही.

म्हणून मला ठाऊक आहे ते एवढंच:
एक राजकन्या माळीण होऊन राजवाड्यात आली आहे.
का, ते मामाच्या मंगलाष्टकांखाली आहे.
ती हार गुंफते आणि गाते.
दासी काहीतरी बोलते, मंडप हसतो,
मीही हसते, चाळीस वर्षं त्याच विनोदाला.
वन्समोअर पडतो. ती पुन्हा गाते,
दुसऱ्या खेपेला तिला जरा कमी घाई असते.
तान उतरते तिथे पुढच्या रांगेत कुणीतरी खोकतं.
त्या खोकल्याशिवाय ती ओळ मला पुरी वाटत नाही.
मग एक पोर चिरक्या आवाजात विचारतं,
“बाबा, घरी कधी जायचं?”
ती मी.

फीत ताणली आहे. राजकन्या दरवर्षी
थोडी खालच्या पट्टीत जाते. मीही.

साडेनऊचा टेंपो, गुडघ्यावर डबा,
मतदार याद्या, पोलिओचा रविवार,
खिचडीच्या ताटल्या मोजून घेणं,
आठवी ब, एकोणसाठ पोरं, बाकं एकवीस.
वह्या तपासताना मी गुणगुणते, मला कळत नाही,
त्यांना कळतं.
भागाकारात शून्य द्यायचं विसरतात,
पण माळिणीचं पद अख्ख्या वर्गाला येतं,
अर्थ न कळता, प्रत्येक ळचा ल करून.
“मैडम, फिर क्या हुआ?” मोनू तोमर विचारतो.
मी म्हणते, पाढा म्हण.

कारण शेवटी राजा येतो. थांबतो.
विचारतो, “माळिणी, तुझं नाव काय?”
पेटी एक स्वर धरते
आणि लश्करची बत्ती जाते.
खट्ट.

नाटक थांबलं नव्हतं म्हणे.
पेट्रोमॅक्स आणले, पहाटेपर्यंत गात होते.
टेपरेकॉर्डर पेट्रोमॅक्सवर चालत नाही,
आणि मी झोपले होते बाबांच्या मांडीवर.
त्यांना विचारलं असतं तर सांगितलं असतं.
पण ते होते तोवर ही कॅसेट
म्हणजे रविवार सकाळची त्यांची कटकट होती.

पुण्याची मावसबहीण म्हणते, अगं सगळं मिळतं आता,
दोन ओळी म्हणून पाठव, नाव सांगते, शेवट सांगते.
पाठवते म्हणाले.
दोन वर्षं होतील दिवाळीला.

साडेदहाला हजेरी.
“मोनू तोमर.” उपस्थित मैडम.
“रजनी जाटव.” उपस्थित.
“रामश्री बघेल.”
…
मागच्या बाकावरून कुणी म्हणतं,
भट्टे पे गई मैडम, माँ के साथ.
अकरावा दिवस.
आखलेल्या चौकटीत ‘अ’ लिहायचा असतो.
मी पेन टेकवत नाही, नुसतं धरून ठेवते,
तो पेटीवाला धरतो तसं.

दारात सिलिंडरवाला उभा.
सही पाहिजे, मैडम.