वजनाची वही

हँगरमधला काटा एप्रिलभर गारठलेला असतो,
शून्यावर यायला वेळ घेतो.
मी त्याला टिचकी मारतो, मग औद्रोनेला म्हणतो, चढा.
पाठीला पॅराशूट, पायात बूट, खिशातली पेन्सिलसुद्धा:
आकाशात जे जाणार
ते आधी या वहीत.
एक्याऐंशी किलो.
"हिवाळाभरचे बटाटे," ती म्हणते आणि खाली उतरते.

मग बॅटऱ्या.
थोरली जोडी बत्तीस किलो, धाकटी एकोणीस.
नाकावरचा पंखा, मोटर, तारा
यांचं वजन ग्लायडरच्या अंगात मुरलेलं, त्याला इलाज नाही.
थोरली असली तर हवा मेल्यावरही
शंभर किलोमीटर लांबून घर गाठता येतं.
धाकटीवर पन्नास,
तेही नेमुनासवरून येणारा वारा पाठीशी असेल तर.
पण थोरली डोईजड. कागदावरची हद्द
सात किलोंनी ओलांडते.

सात किलो म्हणजे
प्राणवायूची नळी, पाण्याची पिशवी, पान्यांची थैली
आणि झिग्मासचा लोकरी कोट,
जो ती पाठीमागे खुपसते. थंडीसाठी, म्हणते.
मी कोट काट्यावर ठेवला. दोन किलो तीनशे.
ती दाराबाहेर बघत राहिली.

जड असणं वाईटच असतं असं नाही.
जूनच्या दुपारी राईच्या शेतांवरून हवा दणकून उसळते,
तेव्हा जड ग्लायडर त्याच उतारावरून जास्त वेगानं धावतो.
म्हणून तर आम्ही पंखांत पाणी भरतो.
पण पाणी संध्याकाळी सोडून देता येतं.
पेट्रोल जळतं तसं हलकं होत जातं.
बॅटरी मात्र
भरलेली बत्तीस, रिकामी बत्तीस,
सगळं देऊन झालं तरी तोळाभर कमी होत नाही.
"हे मला नको सांगूस," ती म्हणाली.

मोटर मुलांनी घेऊन दिली, व्हिल्नियसहून वर्गणी काढून.
आई, परक्या शेतात उतरायचं हे वय आहे का?
झिग्मासला मोटर नव्हती. हवा संपली की शेत शोधायचं.
त्याच्या वहीत एक्केचाळीस शेतं आहेत:
गायीनं पंख चाटला. बीटचं सार, उत्तम.
कुत्रा चावला, पाद्र्यानं सोडवलं.

विजेच्या खांबावर करकोच्यांचं घरटं.
ऑगस्टात ते आफ्रिकेकडे निघतात.
अंगावर चरबी कमी तर वाटेत पडायचं,
जास्त तर उठायचंच नाही.
त्यांना हे कोण तोलून देतं कुणास ठाऊक.
माझ्याकडे तर काटा आहे, तरी रात्री दोनदा बेरीज तपासली.

सकाळी तिनं धाकटी बसवली.
कोट आत.

जुलैच्या शेवटी, सूर्य कलल्यावर, फोन आला:
ट्रेलर घेऊन ये. बिरुतेच्या शेतात.
बावीस किलोमीटर. मी पोचलो तेव्हा
ती उलट्या बादलीवर बसून ताक पीत होती,
ओठांवर पांढरी मिशी.
मी कॉकपिटमध्ये वाकून आकडा पाहिला.
बॅटरी त्रेचाळीस टक्के शिल्लक.
वहीत एक रकाना असतो: उतरण्याचं कारण.
"लिही, हवा मेली."
"आणि मोटर?"
तिनं ताक संपवलं.
"झिग्माससाठी यांच्या कुंपणाचा खांब मोडला होता,
सत्त्याऐंशी साली. उतराई राहिली होती."
गवतावर खरोखरच एक नवा खांब पडलेला,
मुलानं कुठूनसा आणलेला,
आणि त्याचे पैसे बिरुते घेत नव्हती.

दव पडायला लागलं. पंख काढायचे होते.
बिरुतेनं टोक धरलं, औद्रोने मध्ये.
"अगं बाई," बिरुते म्हणाली, "किती हलकं आहे हे!"
मुळाशी मी होतो.
मी काही बोललो नाही.