सीट किती पुढे होती

वाडी नाक्याच्या मागं, इश्तियाक मिस्त्रीच्या शेडमध्ये
मे महिन्यात पत्रा असा तापतो
की टेप धरायला रुमाल लागतो.
मी आधी माणसाशी बोलत नाही. आधी चासी नंबर.
वर कागद ठेवायचा, पेन्सिल आडवी घासायची,
आकडे हळूहळू वर येतात,
शाळेत नाण्यावर कागद ठेवून घासायचो तसे.
दिवसभरात तेवढंच एक खरं
कोणाला न विचारता हाती येतं.

मग फॉर्म.
"मी स्वतः हिंगणा रोडने येत असता
अचानक डुक्कर आडवे आले."
यंदा माझ्या फायलींत डुकरं अडतीस,
रोही चार, एक उंट,
उरलेली सगळी अज्ञात वाहनं.
दुभाजकाचा पिवळा-काळा रंग मात्र बंपरवर होता.
म्हणजे दुभाजक खरा.
डुकराचं मी काही म्हणत नाही.

बंपर प्लास्टिकचा, निम्मा घसारा.
दिवा प्लास्टिकचा, तोही निम्मा.
फेंडर लोखंडी, गाडीला सहा वर्षं, शेकडा चाळीस गेले.
काच पूर्ण.
काचेचं वय होत नाही, असं आमच्या तक्त्यात आहे.
भंगाराचे वजा, वरून हजार वजा.
मिस्त्रीचे अठ्ठेचाळीस हजार सहाशे
माझ्या कागदावर येईतो
उन्हातल्या कापडासारखे आटतात.

किलोमीटर लिहायला दार उघडलं
आणि गुडघा स्टिअरिंगला लागला.
सीट पार पुढे. आरसा खाली कललेला.
पायाशी केसांचा एक निळा क्लिप.

देवानंद हेडाऊ सहा फुटांना दोन बोटं कमी.
"तुम्हीच होते चालवत?"
"मीच."
"बसा बरं एकदा."
बसले. म्हणजे बसायला गेले.
एक पाय आत, एक बाहेर,
बोहल्यावर पाट लहान पडलेल्या नवरदेवासारखे
तसेच थांबले.

मिस्त्री पाना पुसत म्हणाला,
"सीट मीच सरकवली साहेब, खाली वायर पाहून राहिलो होतो."
अकरा वर्षांत हा माणूस
माझ्यासमोर कोणाच्या बाजूनं बोलला नव्हता.
मी सीटची पट्टी पाहिली.
धूळ तिच्या जागी नीट बसलेली.

फॉर्ममध्ये सीटचा रकाना नाही.
चालकाचं नाव, परवाना, वैधता.
लर्निंग असेल तर शेजारी कोण होतं.
मी पेनचं टोपण लावलं.
"हेडाऊजी, समोर चहा बरा मिळतो.
हा दुसरा कोरा फॉर्म न्या सोबत.
पहिला मी अजून वाचला नाही."

हे मी दयेनं केलं असं कोणी समजू नये.
घड्याळात पावणेतीन झाले होते,
पुढची गाडी बुटीबोरीला उभी होती,
आणि खोटं वाचलं की मला ते लिहावं लागतं.

वीस मिनिटांनी ते परत आले.
दोन्ही फॉर्म चौघडी करून खिशात.
"पोरगी एकटीच गेली होती जी, किराणा आणायला.
मी झोपलो होतो."
मग मिस्त्रीकडे वळून, हळूच,
"कंपनी नसली तर किती?"
मिस्त्री गाडीभोवती एक चक्कर फिरला.
"नवा बंपर कशाला. जुना पाहतो.
बावीस हजारांत बसवतो.
दिवा मात्र नवाच लागंन."

अहवालात एक ओळ: विमाधारकाने दावा मागे घेतला.
तपासणी फी, फोटो सोळा, प्रवास चौदा किलोमीटर,
हे माझं मला मिळालं.

गाडी न्यायला शनिवारी बापलेक दोघं आले म्हणे.
मिस्त्रीनं फोनवर दुसऱ्याच कामाचं बोलता बोलता सांगितलं.
मागच्या काचेवर लाल चिकटपट्टीचा वाकडा एल.
बाप शेजारी, गुडघे छातीशी धरून.
"सीट मागं केली नाही पोरीनं?"
"काऊन करंन? तिच्याच मापाची तर होती."

फाईल बंद आहे.
आत पेन्सिलनं घासलेला तो कागद तेवढा राहिला,
नंबर अजून वाचता येतो.
बोट लावलं की काळं होतं.