दारावरची पाटी

मंगळवारी सकाळी मी मार्टिकाइनेनची पाटी काढली.
चार स्क्रू, त्यातले दोन गंजलेले.
सतरा हिवाळ्यांत अकरा प्रशिक्षक गेले या दारातून,
दाराला आता लाकूड कमी, भोकं जास्त.
तो खोका घेऊन शेजारी उभा होता.
शिट्टी विसरला. मीही आठवण केली नाही.
सलग नऊ सामने हरलेल्या माणसाला
शिट्टीची कसली आठवण करून द्यायची?

मी इर्मेली. स्केटना धार लावते.
आमच्या बंदरात समुद्र चार महिने गोठलेला,
कागद गिरणीचा आंबूस वास,
आणि आइस हॉकीचा हा संघ.
गिरणीनं दोनशे माणसं कमी केली तेव्हा गाव गप्प होतं.
मार्टिकाइनेननं कर्णधाराला बाकावर बसवलं,
तर बेकरीतल्या बाईनं त्याला पाव दिला नाही.

वर समिती बसली.
वखारीचा मालक आलाकोर्वा, दातांची डॉक्टर,
आणि कर्ज दिलंय म्हणून खुर्ची मिळालेला बँकेचा पोरगा.
कॉफी नेताना कानावर पडायचं:
कणखर हवा. पण मुलांना समजून घेणारा हवा.
स्वस्त हवा, असं बँक म्हणाली.
मला हसू आलं. आलाकोर्वाला
जावई शोधतानाही हेच सगळं हवं होतं,
मुलगी शेवटी नॉर्वेच्या एका मासेवाल्याबरोबर गेली.

एक स्विस माणूस पडद्यावरून बोलला.
मध्येच त्याचं तोंड उघडं ते उघडंच गोठलं,
आणि समिती अदबीनं वाट बघत राहिली.

हेइस्कारी आला गुडघ्याला बाशिंग बांधून,
अर्धा तास आधी, चाळीस पानं घेऊन.
वय चौतीस. रंगीत आलेख.
त्याच्या बुटांचा बर्फ वितळून
माझ्या पुसलेल्या फरशीवर डबकं झालं.
"फडकं कुठंय?" त्यानं विचारलं.
हे तेव्हा मी हिशेबात धरलं नाही.

कारण वाल्तो यायचा होता.
वाल्तो पुओलाक्का, आमचाच गोलरक्षक,
बावीस वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात
ज्याच्या पायांमधून ती चकती गेली.
उघड्या राहिलेल्या कुठल्याही फाटकाला
गाव अजून "वाल्तोचं दार" म्हणतं.
तो लगेच वर गेला नाही.
कठड्याला रेलून बर्फ बघत राहिला, मग म्हणाला,
"डावा कोपरा मऊच आहे अजून."
चार वर्षं मी हेच सांगतेय समितीला.
एक नळी बदलायची. तीनशे युरोचं काम.
त्याच्या जुन्या स्केटना मी न विचारता धार लावली.

वर तो दहा मिनिटं होता.
त्या गोलबद्दल विचारलं म्हणे.
"पाय उशिरा मिटले," एवढंच बोलला.
जिना उतरताना मला म्हणाला, कॉफी छान होती.
कप भरलेलाच परत आला होता.

शुक्रवारी ठरलं. चाळीस पानं.
मी नवी पाटी लावली.
जुन्या भोकांत स्क्रू धरत नाहीत,
धरले असते तरी शेवटचा
मी पुरता आवळला नसता.
हे देवाला सांगेन, आलाकोर्वाला नाही.

सोमवारी सहाला, अंधारात, तो आला.
दार उघडण्याआधी एका बोटानं पाटी हलवून बघितली.
डुगडुगली.
मी पेचकस शोधायचं नाटक करू लागले.
"असू दे," म्हणाला. "काही घाई नाही."

पहिल्याच सरावात डाव्या कोपऱ्यात तो सपशेल आपटला.
पोरं हसली नाहीत, म्हणजे घाबरली होती.
मी हसले.
कंबर चोळत उठला, कोपऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे,
आणि दोन बोटं तोंडात घालून
पोरांना बोलावू लागला. आवाज फुटेना.

मार्टिकाइनेनची शिट्टी माझ्या खणात आहे.
गरम पाण्यानं धुऊन ठेवलीय.
द्यायची की नाही,
माझं अजून ठरलेलं नाही.