हलू नका

गंगावेशीत, दूध कट्ट्याच्या मागं
हुसेनचाचा शिकलगारांचा स्टुडिओ होता.
शाळा सुटली की मी तिथं पत्रा धरायचो,
चांदीचा कागद डकवलेला पत्रा,
उजेड उचलून माणसाच्या गालाखाली ठेवायला.

निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलनं
देवीचे व्रण कसे पुसायचे, त्यांनी शिकवलं.
एकदा तालमीतल्या वस्तादाचा फोटो होता,
कान चुरगाळून गाठ झालेले.
मी पेन्सिल उचलली.
"कानास्नी हात लावू नकोस," चाचा म्हणाले,
"जन्मताना नव्हते तसले. कमवल्यात त्यानं."

गिऱ्हाईक बसलं की लगेच खटका दाबायचे नाहीत.
उगाच पडदा सारखा करायचे,
म्हशीचा भाव विचारायचे,
तेवढ्यात माणूस
फोटोसाठी घरून आणलेला चेहरा
कंटाळून खाली ठेवायचा, पिशवी ठेवावी तसा.
मग म्हणायचे, हलू नका.

मी आता सीपीआरमध्ये एक्स-रे काढतो.
दिवसाला साठ-सत्तर माणसं,
चेहरा एकाचाही येत नाही.
उद्यमनगरचा मोल्डर खोकत येतो,
फाउंड्रीची काळी वाळू कानामागं तशीच.
विचारतो, आज भट्टी किती वाजता पेटवली?
बोलता बोलता त्याचे खांदे उतरतात.
श्वास घ्या. धरा.
डॉक्टर म्हणतात, तुझ्या फिल्मा स्वच्छ येतात.
कुठं शिकलो, हे कुणी विचारलेलं नाही.

गेल्या थंडीत चाचा आले,
नातवाचा खांदा धरून.
गार प्लेटला छाती टेकवून म्हणाले,
"उजेड कुठनं येतोय रं हितं?"
मागनं, चाचा. आरपार जातो.
"आरपार," म्हणाले, आणि जरा वेळ गप्प.
श्वास घ्या. धरा. हलू नका.
तर ते हसलेच.
चाळीस वर्षं ते वाक्य त्यांचं होतं.
दुसऱ्यांदा काढावा लागला.

चाळिसावा व्हायच्या आत नातू आला,
पेपरात द्यायला फोटो आहे का म्हणून.
घरी आधार कार्डावरचा तेवढा,
त्यात ते कुणाच्या तरी जामिनाला उभे राहिल्यासारखे.
मी नाही म्हणालो.

रेकॉर्डला दुसरी फिल्म गेली.
पहिली माझ्या कपाटात आहे,
बरगड्यांच्या कडा पुसट, हसण्यानं हललेल्या.
कधी शिफ्ट संपली की खिडकीला लावून बघतो.
पेन्सिल लावलेली नाही.