चार अक्षरी

वाचनालयाच्या पेपरवर कुणी काही लिहायचं नाही.
हा नियम मीच टाइप करून भिंतीला लावला,
आणि बरोबर त्याच्याखाली बसून
मिस्टर सेल्बी रोज दहा वाजता
खिशातून पेन्सिल काढतात.
त्रेचाळीस वर्षं मासळी विकलेला माणूस.
शब्दसुद्धा कल्ले उघडून बघतो,
ताजा आहे, की नुसता चकाकतोय.

मार्चमधल्या एका सकाळी
आदल्या दिवशीच्या कोड्यात, आडव्या नऊपाशी
दुसऱ्याच हाताचं बारीक अक्षर,
जवळजवळ माफी मागत:
'का?'

सूत्र होतं: फ्लॉवर, ज्याचा कोट शिवतात. पाच अक्षरं.
सेल्बींनी भरलं होतं ट्वीड.
खरंच, का? कापड ठीक आहे,
पण हे फूल कुठल्या कुंडीत येतं?

मला वाटलं, आता चिडणार.
त्यांनी चष्मा पुसला, समासात लिहिलं:
'फूल विसरा. जी फ्लो होते ती फ्लॉवर.
पटत नसेल तर खिडकीतून बघा.'
बाहेर बेरिकच्या पुलाखालून
ट्वीड नदी ओहोटीला लागली होती.
दुसऱ्या दिवशी सगळ्या खिडक्यांतली
तेवढी एकच काच लख्ख पुसलेली.

विचारणारं कोण, हे त्यांना ठाऊक नाही.
मला आहे. सहानंतर किल्ली
फक्त शीना डॉड्सकडे असते.

मग समास भरत गेले.
'"म्हणे" आलं, की डोळे मिटून ऐका.'
'"माघारी" असेल, तर शेपटाकडून सोला.'
'वाक्य तुम्हाला गोष्ट सांगेल. गोष्ट खोटी असते.
शब्द मात्र एकही खोटा नसतो,
तेवढी सचोटी या धंद्यात आहे.'

जूनमध्ये आलं: हार्ट मोडलं, तरी जग. पाच.
'का?' या वेळी पेन्सिल जरा दाबून.
'मोडलेलं दिसलं की हळहळायचं नाही,
अक्षरं हलवायची.
पुढचा एच उचला, नेऊन शेवटी ठेवा. अर्थ.'
त्याच आठवड्यात शीनाच्या घरी
वकिलाचा लिफाफा आला होता.
सेल्बींना हे कुठून कळावं,
कोडं रचणाऱ्याला तरी कुठून.
तीन दिवस समास कोरा.
मग शुक्रवारी, अगदी तळाशी:
'लागला.'

आणि ऑक्टोबरात उभे चौदा.
मासा, करपणं, सफाईवाली. चार.
सेल्बींनी भरलं: चार.
पेन्सिल चावत बसले, पाऊण तास.
शेवटी समासात, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा:
'मासा मी विकलाय. गुलाबी पोटाचा, थंड तळ्यातला.
करपणंही तेच. पण ही सफाईवाली कुठून आली?
का?'

सकाळी पेपर मी आधी उघडला.
(हो, उघडते. तोही माझाच नियम.)
'जुना शब्द आहे. दुसऱ्यांच्या फरश्या पुसणाऱ्या बाईला म्हणत.
माझ्या आजीला म्हणत.
मला आता फॅसिलिटीज ऑपरेटिव्ह म्हणतात,
पण ते इतक्या चौकोनांत मावत नाही.'

सेल्बींनी ते वाचलं.
पुन्हा वाचलं, ओठ हलवत.
मग स्वतःच्या बुटांकडे पाहिलं,
बुटांपासून दारापर्यंत गेलेल्या
नदीकाठच्या चिखलाकडे पाहिलं.
त्या दिवशी एकही चौकोन भरला नाही.

आता ते पायपुसण्यावर इतका वेळ उभे राहतात
की मागे रांग लागते.
कोडं जवळजवळ पुरं करतात.
एक शब्द, तोही सोपा नाही,
तसाच सोडतात; शेजारी फिकट पेन्सिलीनं:
'हा तुम्ही.'

जुने पेपर दर महिन्याला रद्दीत द्यायचे असतात.
तळघरातल्या कपाटाची किल्ली मात्र
गेल्या मार्चपासून सापडत नाही,
असं मी वरच्या ऑफिसला कळवलंय.
वाक्य गोष्ट सांगतं.
किल्ली माझ्या खणात आहे, खोडरबराखाली.