चवीपुरतं

फॉर्म पुण्याहून छापून आलेला.
रकाना सात : मांसाहार, आठवड्यातून किती वेळा?
केरबा वस्ताद बोटं मोजतात.
"बुधवार. ऐतवार.
आन् पाव्हणं आलं तर."
पाहुणे कितीदा येतात?
"सिस्टर, घर हाय ते. रोज येत्यात."

रकाना आठ : मीठ.
"चवीपुरतं."
चमच्यात सांगा.
वस्ताद माझ्याकडं बघतात,
नवख्या पोरानं लंगोट उलटा कसावा तसं.
"चमच्यानं कोण टाकतंय?"

आठ महिने गंगावेशीजवळच्या दवाखान्यात
मी रिकाम्या खुर्च्यांचं बीपी बघितलं.
भिंतीवर पोस्टर : लाल हृदय,
त्याला हातपाय, रडवेला चेहरा.
ह्या गावात तसा चेहरा करून
आत कोण येणार?
इथं 'कसं काय'ला उत्तर एकच, 'निवांत.'
सीपीआरच्या कॉटवर, हाताला सलाईन,
तरी निवांत. वर तुलाच विचारणार,
चहा झाला का?

म्हणून एका संध्याकाळी टेबल उचललं
आणि दूधकट्ट्यावर मांडलं,
म्हशीच्या शेपटीच्या जेमतेम पलीकडं.
धार थेट ग्लासात, फेस काठावर,
पिणाऱ्यांच्या मिशा पांढऱ्या.
पट्टा काढला तर कुणी हात देईना.
मग दस्तगीर मुजावर उठला,
पेठेच्या संघाचा जुना गोलकीपर.
पेनल्टीला झेपावा तसा दंड पुढं केला.
एकशे साठ.
कट्ट्यावर टाळ्या पडल्या.
पुढचा म्हणाला, माझा बघा, ह्याच्यापेक्षा भारी असणार.
रांग लागली ती अशी, पैजेवर.
प्रशिक्षणात सांगितलेलं, रुग्णाची माहिती गुप्त ठेवा.
मी आवाज खाली आणला.
टाळ्या थांबल्या, रांग तेवढी राहिली.

वस्तादांचा, एकशे नव्वद, एकशे दहा.
"कुठल्या वजनगटात बसतंय?"
तालमीत 'दुखतंय' हा शब्द नाही.
मी पाठ केलेलं सगळं गिळलं आणि म्हणाले,
वस्ताद, ही कुस्ती निकाली होत नसती.
रोज सकाळी उतरायचं,
रोज बरोबरीत सोडवायची.
गोळी तेवढ्यासाठी.
ते गप्प. म्हैस रवंथ करत राहिली.
"किती दिवस?"
आयुष्यभर.
"मग खुराकच म्हणा की."

खुराक.
फॉर्ममध्ये ह्या शब्दाला रकाना नव्हता.
मी समासात लिहिला.

महिन्यानं गोळ्या मोजायला घरी गेले.
पाकीट रिकामं, दिवस बरोबर.
मालनकाकूंनी ताट मांडलेलंच होतं,
'नको' म्हणायची सोय नव्हती.
पांढऱ्या रश्शाची वाटी पुढं सरकवत
हळूच म्हणाल्या,
"मीठ निम्मं केलंय. लिंबू वाढवलं.
त्यास्नी कळलं न्हाई. कळलं तर म्हणत्याल,
आजारी पाडलीस मला."

काकू, तुमचं बीपी कधी बघितलं?
"मला काय झालंय?"
हाताला पीठ, पदर खोचलेला.
पंचेचाळीस वर्षं
प्रत्येक पातेल्यातला थेंब आधी तळव्यावर, मग जिभेवर,
आणि जेवायला सगळ्यांत शेवटी,
तळाचा रस्सा, तवंगासकट.
बुधवारी कट्ट्यावर एकही बाई नव्हती,
हे मला आत्ता,
त्यांच्या स्वयंपाकघरात दिसलं.

दंडाला पट्टा गुंडाळला. पिठाचा ठसा त्यावर उमटला.
आकडा चढत गेला, थांबला.
मी बघत राहिले.
सोप्यातून वस्ताद म्हणाले, "किती आलं?"
आवाजात पैज नव्हती.

मी तोंड उघडायच्या आधी
काकूंनी पट्टा सोडला, तव्याकडं वळल्या.
"चवीपुरतं," म्हणाल्या.