मनगट

खेळ पायांचा,
आणि तपासायला मागितलं मनगट.

ब्लँटायरच्या इस्पितळात, सकाळी साडेसहाला,
बाकावर ओळीने आमची पोरं,
लेसोथोची, सतरा वर्षांखालची, एकवीस.
घड्याळं काढलेली, दोरे सोडलेले,
कुणाच्या घरून बांधून दिलेला निळा मणी
माझ्या पिशवीत.
मी संघाची कपडेवाली.
मोजे, जर्सी, पट्ट्या, साबण, एवढंच माझं खातं.
त्या दिवशी मात्र एकवीस मनगटं
माझ्याकडे उतरवून ठेवलेली.

मशीनवरची बाई चांगली होती, समजावून सांगायची.
हाडाच्या टोकाशी एक फट असते म्हणे,
वाढत्या वयात उघडी.
ती बुजली की पोरगं सतरा ओलांडलं.
दारासारखं का, मी विचारलं.
हो, ती म्हणाली,
पण आतून लागतं, आणि आवाज होत नाही.

हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणतात.
इथे काकण नव्हतं, नुसता हात होता
आणि आरसा खोलीएवढा.

संध्याकाळी यादी आली.
वीस नावांपुढे खूण.
एकापुढे कोरी जागा:
मोत्लालेपुला, आठ नंबर.

आमच्या बोलीत, पाऊस घेऊन आलेला.
मोखोत्लोंगच्याही वर त्याचं गाव,
शेवटचा चढ घोड्यावरून.
तिथे जन्माची नोंद नावातच करतात,
कागद मागाहून येतो, कधी शाळेबरोबर, कधी फुटबॉलबरोबर.

प्रशिक्षक रामाबेलेंनी त्याच्या आईला फोन लावला.
तिने हिशोब चोख दिला:
दोन वर्षं कोरडी गेली, मेंढ्या गेल्या,
मग एका रात्री पाऊस आला आणि पहाटे हा.
खोटं बोलत नव्हती ती.
पण मीही त्याच डोंगरांतली.
दुष्काळ मोडणारा तसला पाऊस
तेव्हा दोनदा आला होता,
मधे तीन वर्षं सोडून.
मी बोलले नाही.
मोजे मोजले. बेचाळीस.
एक जोडी जास्त.

रात्री तो इस्त्रीच्या खोलीत आला.
रडलेला नव्हता.
‘मग मी किती वर्षांचा?’
सतराच्या वर.
‘म्हणजे अठरा? एकोणीस?’
मशीन त्यापुढे बोलत नाही, म्हटलं.
तो इस्त्रीच्या वाफेकडे बघत राहिला,
जणू त्याची दोन-तीन वर्षं कुणी चोरली होती
किंवा न मागता त्याच्या अंगावर टाकली होती,
आणि यातलं नेमकं काय
हे ज्याला विचारावं असं कुणी नव्हतं.

झांबियाने आम्हाला तीन गोल घातले.
एस्वातिनीशी बरोबरी.
कोमोरोसला हरवलं, चिखलात, शेवटच्या मिनिटाला,
पण तोवर आमचं परतीचं तिकीट पक्कं झालं होतं.
तो पाण्याच्या बाटल्या वाहायचा.
चेंडू रेषेबाहेर आला की तळव्याखाली थांबवायचा,
एक क्षण जास्त,
मग द्यायचा.

आठ नंबरची जर्सी मी तिन्ही दिवस धुतली.
पाणी जसंच्या तसं निघायचं.

जोहान्सबर्गला उतरण्याआधी फॉर्म वाटले.
नाव. पासपोर्ट. येण्याचं कारण.
जन्मतारखेशी त्याचं पेन अडलं,
माझ्याकडे पाहिलं त्याने.
पासपोर्टात आहे ते लिही, म्हटलं.
तो लिहू लागला, एकेक आकडा कोरत,
आणि मी ते मनगट पाहत राहिले,
बारीक, हाड वर आलेलं,
तळहाताशी शाईचा डाग.
फट मिटली की नाही, मला काय दिसणार.

पिशवीच्या तळाशी निळा मणी हाताला लागला.
बाकी सगळ्यांनी आपापलं कधीच नेलं होतं.
बांधू? मी विचारलं.
त्याने लिहिणं थांबवलं नाही,
दुसरा हात पुढे केला.